सातव्या इनिंगची जपमाळ

दोन म्हाताऱ्या पुरुषांनी माझ्या ओसरीवर बसून भांडावं, एवढीच माझी इच्छा होती. ब्रॅडन्स फेरीसारख्या गावात ही काही नवसानं मागायची गोष्ट नव्हे. इथं पोलादाचा कारखाना बंद पडला तरी भांडणं तिन्ही पाळ्यांत चालू असतात. पण माझ्या ओसरीवर मात्र कुणी भांडेना, आणि माझं तर त्यावाचून अडलं होतं.

अडलं होतं म्हणजे काय, ते सांगते, नाहीतर या बाईला खूळ लागलंय असं वाटायचं. रोज एक जपमाळ पुरी करायची हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. लग्नानंतर त्याला वेळ कुठली धरावी हा प्रश्न आला. संसारात असा अर्धा तास शोधून सापडत नाही की ज्यात बाईला कुणी हाक मारत नाही. मला सापडला. बेसबॉलचा सामना रेडिओवर लागला की एमिल, रूडी कोसिक आणि व्हिन्स टोम्को हे तिघे ओसरीवर बसायचे, आणि मग घराला आग लागली असती तरी इनिंग संपेपर्यंत मला कुणी हाक मारली नसती. मी आत, जाळीच्या दाराशी, स्टुलावर. बाहेर ते. एप्रिल ते ऑक्टोबर चालू सामन्यांवर भांडायचे, हिवाळ्यात स्वयंपाकघरात येऊन झालेल्या सामन्यांवर. एकतीस वर्षं माझी जपमाळ अशी झाली.

"सीगल्स सप्टेंबरात गळतात," रूडी म्हणायचा. हा कारखान्यात क्रेन चालवायचा, त्यामुळे सगळ्यांशी वरूनच बोलतो. "सरोवराकाठचा संघ तो. हवा गार झाली की हाडं धरतात त्यांची."

"हाडं तुझी धरलीत, रूडी," व्हिन्स म्हणायचा. व्हिन्स न्हावी. त्याला समोरच्याचं डोकं हातात धरून बोलायची सवय. "तीन डावखुरे पिचर आहेत त्यांच्याकडे चेंडू टाकायला. तीन! आपल्या हॅमर्सकडे एक, आणि त्याला बूट बांधायला वाकलं की उठायला माणूस लागतो."

आणि मग तिसरा, एमिल. तो सगळ्यात शेवटी, सावकाश. "दोघेही गाढव आहात. पिचर दमला की नाही हे त्याच्या हातावरून कळत नाही. टोपीवरून कळतं. सारखा टोपीशी चाळा करायला लागला की काढावा त्याला."

यावर जो गलका उठायचा त्यात माझे दहा मणी कधी सरले ते मला कळायचंही नाही. देवाचं नाव घ्यायला शांतता लागते असं म्हणतात. असेल. मला रूडी कोसिक लागायचा.

एमिल गेला त्याला त्या सप्टेंबरात दोन वर्षं होत आली होती. अंत्यविधीला रूडी आणि व्हिन्स दोघेही आले, माझा हात हातात घेऊन "मिसेस साबोल, काही लागलं तर सांगा" म्हणाले, आणि जे गेले ते गेले. एकतीस वर्षं मी त्यांची ॲगाथा होते, विधवा झाल्या दिवशी मिसेस साबोल झाले. ते सामने ऐकायला मार्केट स्ट्रीटवरच्या गुत्त्यात जाऊ लागले. घरात इतकी शांतता झाली की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायची. आणि जपमाळ होईना. चौथ्या दशकाशी, म्हणजे दहा मण्यांच्या चौथ्या फेरीशी आले की पहिलं झालं का तिसरं ते आठवेना. रेडिओ एकटीनं लावून पाहिला, पण रेडिओवरचा माणूस कुणाशी भांडतच नाही. मी फादरना सांगितलं, माझं प्रार्थनेत चित्त लागत नाही. ते म्हणाले, "शांत जागा शोधा." मी म्हटलं, "हो, फादर." काय बोलणार?

त्या साली हॅमर्सनी गटात सीगल्सची पाठ धरली होती. मोसमाचे शेवटचे दोन सामने त्यांच्याशीच, शनिवारी दुपारी आणि रविवारी दुपारी. दोन्ही जिंकले तर गट आमचा, एक जरी हरले तर सीगल्सचा. मी ठरवलं, या दोघांना बोलवायचं.

पण ओसरीवर बोलवायचं तर ओसरी हवी. मागच्या हिवाळ्यात तिची एक फळी शेजारच्या फ्लॉरेन्स गायडोसच्या मांजराखाली मोडली. मांजर लठ्ठ आहे, पण फ्लॉरेन्सला तसं म्हटलेलं चालत नाही. तिनं तक्रार केली आणि नगर कार्यालयानं दाराला नोटीस डकवली: एका वेळी एकच व्यक्ती. म्हणजे माझ्याच ओसरीवर मला पाहुणा भेटायचा तर एकानं रस्त्यावर उभं राहावं लागणार होतं.

मी दुरुस्तीची परवानगी मागायला गेले. खिडकीत मिस्टर प्रुइट म्हणून एक गृहस्थ असतात, त्यांना मान वर करायला त्रास होतो.

"ओसरीचा उपयोग कशासाठी?"

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. "भांडणासाठी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "कोण भांडणार?"

"दोन शेजारी. बेसबॉलवरून."

"म्हणजे करमणूक," असं म्हणून त्यांनी वेगळा अर्ज काढला. "करमणुकीला जमावाचा दाखला लागतो. आणि घरमालकाची सही. मालक एमिल साबोल?"

"ते वारले."

"कळवलंत का?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही स्वतः आला होतात दफनाला, मिस्टर प्रुइट. हॅमचे दोन सँडविच खाल्लेत."

"दफनाला मी खाजगी माणूस म्हणून आलो होतो," ते म्हणाले. "कार्यालयाला कळवायला हवं."

तर कार्यालयाच्या दृष्टीनं एमिल अजून जिवंत होता. खरं सांगायचं तर मला त्या खिडकीसमोर क्षणभर फार बरं वाटलं. कुठंतरी एका कपाटात, एका कागदावर, तो अजून घरमालक होता आणि त्याची सही यायची बाकी होती. प्रुइटनी मृत्यूचा दाखला मागितला तेव्हा मी तो तीनदा विसरले. चौथ्यांदा विसरणं शोभेना म्हणून दिला.

परवानगी आली, सुतार आला, फळ्या बसल्या. मग आली फ्लॉरेन्स.

"अगं, तू पुरुषांना घरी बोलावतेस? एकटी बाई?"

"सामना ऐकायला."

"लोक काय म्हणतील! तू रोज चर्चमध्ये मिस्साला जाणारी. बिअर ठेवायची नाही हं. लिंबाचं सरबत कर. आणि नुसतं सामन्याला बोलवू नकोस, वाईट दिसतं. मी सांगते त्यांना, माझ्यावर सोड."

मी तिच्यावर सोडलं. एवढी एक चूक माझी.

शनिवारी मी पहाटे उठून खसखशीचे कोलाचे केले, बटाट्याचे पिरोही केले, रेडिओ ओसरीत नेऊन ठेवला, तीन खुर्च्या मांडल्या. मग तिसरी उचलून आत नेली. मग परत बाहेर आणली. सव्वा वाजता सामना. एक वाजता दार वाजलं.

रूडी कोसिक काळ्या सुटात उभा होता. गळ्यात टाय. हातात पांढरी फुलं. त्याच्या मागं व्हिन्स, केसांना तेल चोपडलेलं, हातात एमिलच्या नावानं मिस्सा सांगितल्याचं काळ्या कडेचं कार्ड.

"मिसेस साबोल," रूडी छातीवर हात ठेवून म्हणाला, "दोन वर्षं झाली हे खरं वाटत नाही."

फ्लॉरेन्सनं त्यांना स्मरणविधी आहे म्हणून सांगितलं होतं. स्वतः काळी टोपी घालून ती कुंपणातून आलीच. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले, एमिलच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली. नव्या फळ्यांवर रूडीचे गुडघे कडकड वाजले. आता बायकोनं नवऱ्याच्या आत्म्यासाठी चाललेल्या प्रार्थनेत, उरका रे बाबांनो, सामना सुरू झाला असेल, असा विचार करणं हे पाप आहे. मी केला.

मग रेडिओ लावला. दोघे खुर्च्यांच्या कडेवर टेकले. मधली खुर्ची कुणी घेतली नाही. मी जाळीच्या दाराआड स्टुलावर बसले आणि माळ काढली.

आमचा पिचर होता ऑरिन टॅगार्ट. एकोणचाळीस वर्षांचा, तोच तो बूट बांधणारा. याला एवढ्या मोठ्या सामन्यात उतरवलं म्हणजे भांडणाला दुसरं काय लागतं? मी कान टवकारले.

"टॅगार्ट," व्हिन्स म्हणाला.

"हो," रूडी म्हणाला. "अनुभवी आहे."

"अनुभवी आहे खरा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, मिस्टर कोसिक."

मिस्टर कोसिक! ज्या माणसाला त्यानं चाळीस वर्षं टकल्या म्हणून हाक मारली! मी आत कपाळावर हात मारला.

"सरबत छान झालंय," रूडी म्हणाला.

"छान झालंय," व्हिन्स म्हणाला. "सीगल्सही बरे खेळतायत यंदा."

"बरे खेळतायत. मान्य करायला हवं."

मी दाराआडून हळूच म्हटलं, "ते सप्टेंबरात गळतात ना, रूडी?"

"प्रत्येकाचे दिवस असतात, मिसेस साबोल," रूडी म्हणाला आणि टाय सारखा केला.

दुसऱ्या इनिंगला आम्ही एक धाव काढली. दोघांनी बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवल्या, जसे लहान मुलाच्या कवितेला वाजवतात. मी पिरोही नेऊन दिले. मी टॅगार्टला नावं ठेवली. मी आमच्या मॅनेजरला अक्कल नाही असंही म्हणून पाहिलं, हळू आवाजात, कारण मोठा आवाज मला येतच नाही. फ्लॉरेन्स म्हणाली, "दुःखानं माणूस कडवट होतो," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मग व्हायला नको ते झालं. पाचवी इनिंग संपली आणि दोघांचे चेहरे बदलले. रूडीचा हात ग्लासाकडे चालला होता, तो अर्ध्यातच थांबला. व्हिन्सनं पायावर पाय टाकला होता, तो तसाच राहिला. मला कळलं. टॅगार्टनं अजून एकही हिट दिली नव्हती, म्हणजे सीगल्सच्या एकाही गड्याला त्याचा चेंडू मारून बेसवर पोचता आलं नव्हतं.

हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, मग आनंद करा की. पण पिचरनं एकही हिट दिलेली नसली की आमच्याकडे त्याविषयी अवाक्षर काढायचं नसतं. काढलं की मोडलं. मैदानात संघातले गडी त्याच्याशेजारी बसतसुद्धा नाहीत, रेडिओवरचा माणूस आडूनआडून बोलतो, आणि ऐकणाऱ्यानं जसा बसलाय तसा बसून राहायचं. मी स्वतः एकदा ओव्हनमधलं मांस जळू दिलंय, कारण एमिलनं उठू नकोस म्हणून नुसत्या डोळ्यांनी खुणावलं होतं.

तर आता ते भिडस्तपणानं गप्प होते ते गेलं, आणि धर्मानं गप्प झाले. ज्या दोन तोंडांसाठी मी फळ्या बसवल्या, प्रुइटला चारदा भेटले, पहाटे चारला खसखस वाटली, ती आता हलायचीच बंद झाली. फ्लॉरेन्सनंसुद्धा तोंड मिटलं. तिच्या नवऱ्याला हे एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं.

सहावी इनिंग गेली. एकही हिट नाही. सातवी आली. माझी माळ चौथ्या दशकावर अडकलेली. मणी बोटांत धरून बसले होते आणि शब्द येत नव्हते. मला वाटलं, हे असंच राहणार. हे दोघे आता हात जोडून जातील, परत येणार नाहीत, आणि मी या फ्रिजच्या आवाजात म्हातारी होईन.

टॅगार्टनं पहिल्याला फुकट बेसवर जाऊ दिलं. मग एकाला बाद केलं. मग दुसऱ्यालाही फुकट सोडलं. दोन गडी बेसवर, एक बाद, आमची फक्त एका धावेची आघाडी. आणि रेडिओवरचा माणूस म्हणाला, "ऑरिननं टोपी काढली... कपाळ पुसलं... टोपी घातली. पुन्हा काढली."

रूडीनं व्हिन्सकडे पाहिलं. व्हिन्सनं रूडीकडे. दोघांच्या गळ्याशी एकच गोष्ट आलेली मला जाळीतून दिसत होती: काढा त्याला, दमलाय तो. पण काढा म्हणायचं तर न दिलेल्या हिटचा विषय निघणार. रूडीची मान लाल झाली. व्हिन्सनं ओठ चावले. रेडिओवरचा माणूस म्हणाला, "पुन्हा टोपी."

मी उठले. जाळीचं दार उघडून बाहेर आले. हे मी नकळत केलं असं सांगता आलं असतं, पण खोटं न बोलण्याचा नेम आड येतो. मला सगळं कळत होतं. गट जाईल हे कळत होतं.

"एकही हिट दिलेली नाही म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "दमलाय तो. काढा त्याला!"

मोठ्यानं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

रूडीच्या तोंडचा कोलाच तसाच राहिला. फ्लॉरेन्सनं क्रूसाची खूण केली. रेडिओतून बॅटचा आवाज आला, स्वच्छ, लाकूड फोडल्यासारखा, आणि त्यामागून लोकांचा हाय खाल्ल्याचा आवाज. चेंडू डावीकडच्या भिंतीला लागला. बेसवरचे दोघेही गडी धाव पुरी करून घरी पोचले. सीगल्स दोन, आम्ही एक.

मग रूडी कोसिक उभा राहिला. त्यानं टाय ओढून काढला, जमिनीवर आपटला.

"ॲगाथा!" तो ओरडला. "अक्कल गहाण टाकलीस काय? सातव्या इनिंगला? सातव्या?"

"दमला होता तो," मी म्हटलं.

"दमला होता तर मनात म्हण! देवाशी बोल! तुला रोजचीच ओळख आहे!"

"तिला कशाला ओरडतोस, टकल्या?" व्हिन्स खुर्चीवरून उठला. "ती बोलली म्हणून हिट गेली? मॅनेजर झोपला होता म्हणून गेली! सहाव्यातच काढायला हवा होता. तो राखीव पोरगा, पूल, कधीचा हात मोकळा करत उभा आहे!"

"पूल? त्या पूलला धान्याच्या कोठारावर चेंडू मारायला सांगितलास तरी नेम चुकेल!"

"पण दमलेला नाही!"

"दमायला आधी काहीतरी करावं लागतं, व्हिन्स! आणि तुला काय कळतं? तू माझा कान कापला होतास एकोणसाठ साली!"

"तू मान हलवलीस! सीगल्सनी धाव काढली म्हणून मान हलवलीस! गळतात म्हणे सप्टेंबरात! आज कितवा महिना आहे?"

समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, काय झालं. फ्लॉरेन्सनं कुंपणावर चढून सांगितलं, "हिनं तोंड उघडलं!" आणि मग ती स्वतःच रूडीशी भांडू लागली, की माझा चुलतभाऊ या पूलच्या मावशीला ओळखतो, घराणं चांगलं आहे. रूडी म्हणाला, मावशीला पिचर करा मग. सरबत सांडलं. पिरोही संपले. मी आत गेले, स्टुलावर बसले, आणि चौथं दशक आणि पाचवं असं सरळ गेलं, की जणू बोटांना कुणी वाट दाखवत होतं.

सामना आम्ही दोन-एकनं हरलो. गट सीगल्सचा झाला. रूडी जाताना माझ्याशी बोलला नाही. फुलं मात्र राहिली.

पाच वाजता मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडच्या फादरना सगळं सांगितलं.

"सातव्या इनिंगला?" त्यांनी विचारलं.

"हो, फादर."

"जाणूनबुजून?"

"हो, फादर."

मग ते हळूच म्हणाले, "दमला होता खरा तो," आणि प्रायश्चित्त म्हणून मला आणखी एक जपमाळ सांगितली. मला हसू आलं. त्याचंही वेगळं प्रायश्चित्त झालं.

रविवारचा सामना आता निरर्थक होता. गट गेल्यावर शेवटचा सामना कोण ऐकतं? मी मिस्साहून आले, हॅट काढली, रेडिओ आत न्यायला म्हणून दार उघडलं, तर दोघे ओसरीत बसलेले. टाय नाहीत. पायाशी बिअरची पेटी. मला कुणी नमस्कारसुद्धा केला नाही.

"सहाव्यात काढला असता," व्हिन्स म्हणत होता, "तर पूलनं दोन इनिंग्ज रेटल्या असत्या."

"पूलनं दोन इनिंग्जभर सीगल्सना हात धरून फुकट बेसवर नेलं असतं. टॅगार्टला ठेवला तेच बरोबर. पुढच्या वर्षी बघ, सीगल्स चौथे येतात की नाही."

"चौथे! तुझ्या आजीच्या गटात!"

आणि मग दोघे थांबले. दोघेही, एकदम. मान किंचित वळवून, न बोलता, मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. इथं तिसऱ्यानं बोलायचं असतं. गाढव आहात म्हणायचं असतं, सावकाश, टोपीचं सांगायचं असतं. रेडिओवर कुणीतरी बाद झालं.

दोन वर्षं तो घरभर नव्हता. जिन्यात नव्हता, फ्रिजच्या आवाजात नव्हता, बिछान्याच्या डाव्या बाजूला नव्हता. कुठं कुठं नाही, याचा मला हिशेब लागत नव्हता. आता तो फक्त तेवढ्यात नव्हता, व्हिन्सच्या आणि रूडीच्या मधोमध, तीन श्वासांइतक्या जागेत. तिथं मला तो अगदी नीट दिसला.

चौथा श्वास मी घेऊ दिला नाही. नाहीतर रूडी रडला असता, आणि मग त्यानं मला पुन्हा मिसेस साबोल केलं असतं.

"सरक," मी म्हटलं, आणि माळ घेऊन बाहेर त्यांच्याजवळ बसले.